स्थिती ब

"चकती जागेवर नाही. कृपया चकती जागेवर लावा."

ओट्याशेजारच्या फळीवरची पांढरी डबी पहिल्यांदा असं बोलली तेव्हा शुभदाताई गद्रे सोवळ्यात होत्या. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. न्हाऊन, रेशमी सोवळं नेसून त्या बाळकृष्णासमोर बसल्या होत्या, आणि पूजा होईपर्यंत बोलायचं नाही हा नेम असल्यामुळे डबीला गप्प बस म्हणायचीही सोय नव्हती. डबी दर दोन मिनिटांनी बोलत राहिली. विसाव्या मिनिटाला बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. आरोग्यसेविका रेश्मा घागचा होता. डबीनं तिला झोपेतून उठवलं होतं.

"काकू, चकती काढलीत?" पूजा आटोपून शुभदाताईंनी उलट फोन केला तेव्हा तिनं विचारलं.

"पूजेपुरती काढली गं. सोवळ्यात अंगाला काही चिकटलेलं चालत नाही. त्यातून त्याला ते जेल. कशाचं असतं ते?"

"जेल म्हणजे... जेल."

"हाडाबिडाचं तर नाही?"

रेश्माला माहीत नव्हतं. तिनं वर विचारलं. वरच्यांनाही माहीत नव्हतं. कंपनीला विचारलंय, असं चार दिवसांनी उत्तर आलं आणि प्रकरण तिथेच थांबलं.

दिवसातून दीड तास चकती काढायची परवानगी मिळावी म्हणून शुभदाताईंनी मदत-क्रमांक फिरवला. "कारण निवडा. अंघोळीसाठी एक दाबा. त्वचेच्या त्रासासाठी दोन. प्रवासासाठी तीन. इतर कारणासाठी चार." त्यांनी चार दाबलं. "हा पर्याय सध्या उपलब्ध नाही." दोन दिवस त्या रोज चार दाबत होत्या. अंघोळीला पंधरा मिनिटं मिळत होती. देवाला काही नव्हतं.

वेळंबे गावातल्या एकेचाळीस जणांना ही चकती मिळाली होती, आणि मिळणं सोपं नव्हतं. रक्तात हिपॅटायटिस बी आणि यकृतावर वण, असं दोन्ही असेल त्यालाच ती मिळे. शुभदाताईंना दोन्ही होतं. विषाणू कधी शिरला, कुठून शिरला ते कुणालाच सांगता आलं नाही. पण वर्षानुवर्षं तो मुकाट्यानं आत राहिला आणि यकृत सुजत, वण धरत, पुन्हा भरत गेलं. गुळगुळीत असायचं ते गाठीगाठींचं झालं. अशा यकृतात कर्करोगाची बारीक गाठ उगवली तर ती ओळखायची कशी? तांदळातला पांढरा खडा डोळ्याला दिसत नाही, दाताखाली आल्यावर कळतो, तसं ते. आणि दाताखाली येईपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो.

पूर्वी यासाठी सहा महिन्यांतून एकदा सोनोग्राफी करत. कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. पण यकृताचा वरचा घुमट बरगड्यांमागे, फुप्फुसाच्या आडोशाला असतो. मध्ये हवा आली की आवाज पुढे जात नाही. दहा मिनिटांच्या तपासणीत जेवढं दिसलं तेवढं बघायचं आणि "काही नाही" असं लिहून द्यायचं. खरं तर लिहायला हवं होतं, "काही दिसलं नाही."

चकतीनं हे बदललं. पत्त्याच्या पानाएवढी, मऊ, उजव्या बरगड्यांवर चिकटवायची. दर पाच मिनिटांनी ती आत डोकावायची. श्वासाबरोबर यकृत खालीवर होतं, त्यामुळे जो भाग या श्वासाला दडलेला तो पुढच्या एखाद्या श्वासाला समोर येई. काल काय दिसलं आणि आज काय दिसतंय, हे ताडून पाहायचं काम यंत्राचं. पाच-सहा मिलिमीटरची, मुगाच्या दाण्याएवढी गाठसुद्धा त्याच्या नजरेत येई. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असली तर बाहेरून सुई घालून जागच्या जागी जाळून टाकता येते. म्हणून एवढी धडपड. आणि म्हणूनच महिन्यातून तीनदा चकती जागेवर नसली की यादीतून नाव कमी. वाट बघणारे पुष्कळ होते.

तिसरी गैरहजेरी लागायची वेळ आली तेव्हा सून मृण्मयी म्हणाली, "आई, द्या इकडे. मी लावते दीड तास."

"तू?"

"डबीला काय कळतंय कोणाच्या बरगड्या आहेत ते. तुम्ही पूजा करा, मी डबे भरते. यकृताला यकृत."

मृण्मयी चौतीस वर्षांची, गावच्या शाळेत भूगोल शिकवायची. बोलायला फटकळ आणि पहाटे उठायला घरात सगळ्यांच्या आधी. शुभदाताईंना ते पटलं नव्हतं. खोटेपणा तो खोटेपणाच. पण सासूबाईंनी जाताना बाळकृष्ण ओंजळीत दिला होता, रोज सोवळ्यात एकशे आठ तुळशीपत्रं वाहीन असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि एकोणतीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. नेम मोडायचा की एका डबीला फसवायचं, यात त्यांनी डबी निवडली. अंघोळीला जाताना त्या चकती काढून पाटावर ठेवत. मृण्मयी ती उचलून जेलची नवी पट्टी लावून स्वतःला चिकटवे. साडेसहाला पुन्हा पाटावर. डबी एकदाही बोलली नाही.

असे अकरा महिने गेले.

मार्गशीर्षात एका गुरुवारी फोनवर लाल चौकटीत निरोप आला. उजव्या भागात, घुमटाखाली, नऊ मिलिमीटर, संशयास्पद. नाव: शुभदा गद्रे.

शुभदाताई रडल्याबिडल्या नाहीत. बाळकृष्णाला सांगितलं, आणि तुळशीच्या कुंड्यांना पाणी कधी घालायचं ते मृण्मयीला सांगायला लागल्या. "आई, थांबा हो जरा," असं म्हणून मृण्मयीच उठून गेली. मुलगा निनाद त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन गेला. तिथले डॉक्टर मयेकर तरुण, अदबीचे आणि कायम झोप न झालेले. त्यांनी स्वतः अर्धा तास सोनोग्राफी केली. काही सापडलं नाही. रत्नागिरीला एमआरआय झाला. काही सापडलं नाही. इकडे डबीवर नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. रोज सकाळी लाल चौकट. निनाद चिडून डॉक्टरांना फोन करायचा, डॉक्टर रत्नागिरीला करायचे, रत्नागिरीवाले म्हणायचे चकतीवाल्यांना विचारा, आणि चकतीवाल्यांकडे चार दाबावं लागायचं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर मयेकर मोठा कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"काकू, एक गंमत आहे. म्हणजे गंमत नाही, पण बघा. यंत्रानं तुमच्या यकृताचे दोन नकाशे केलेत. स्थिती अ आणि स्थिती ब. माणूस कूस बदलतो, वाकतो, त्यानं यकृत थोडं सरकतं, म्हणून यंत्र वेगवेगळ्या स्थिती लक्षात ठेवतं. ती गाठ फक्त स्थिती ब मध्ये दिसते. आणि स्थिती ब रोज ठरलेल्या वेळीच येते. पहाटे पाच ते साडेसहा. तुम्ही तेव्हा काय करता?"

"पूजा."

"बसून?"

"बसून."

"मांडी घालून? जरा पुढे वाकून?"

"हो."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मग आपण तसंच बसून बघू या. इथे कॉटवर मांडी घाला. समोर देव आहेत असं समजा. हात नेहमीसारखा पुढे करा."

शुभदाताई रुग्णालयाच्या कॉटवर मांडी घालून बसल्या. उजवा हात तुळस वाहायला पुढे जातो तसा हवेत धरला. बरगडीवर गार जेल, त्यावर डॉक्टरांचा हात. "अजून थोडं वाका. आता श्वास घ्या. धरा." पडद्यावर त्यांचं खडबडीत यकृत राखाडी उमटलं होतं. डॉक्टर पुटपुटत होते, "इथेच असायला हवी. इथेच."

आणि हवेत धरलेला तो हात तसाच राहिला. पाच ते साडेसहा.

दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेली मृण्मयी दिसत होती. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, तपासत बसली होती.

"काकू, हात हलवू नका."

त्यांनी हात हलवला नाही. बोलल्याही नाहीत. का बोलल्या नाहीत, हे त्यांना नंतर किती वेळा विचारून पाहिलं तरी कळलं नाही.

घरी येऊन, दिवा लावून झाल्यावर, त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. निनाद आधी हसला. "आई, तू घाबरलीयेस. गाठ आपली नाही, दुसऱ्याची आहे, असं वाटतं माणसाला."

"रोज चकती हिला असायची रे. अकरा महिने."

निनादनं बायकोकडे पाहिलं. मृण्मयीचा हात आपसूक उजव्या बरगडीवर गेला होता. मग निनाद जो भडकला तो दोघींवर. "तुम्हा दोघींना अक्कल आहे का? यंत्राशी कोणी असं खेळतं? आणि तू शिकलेली बाई, मृण्मयी."

"ओरडू नकोस," मृण्मयी शांतपणे म्हणाली. "मी लावली नसती तर मला कधी कळलंच नसतं."

"पण तुला कशी होईल? तुला कुठे ते हिपॅटायटिस आहे?"

तिचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. दीड वर्षापूर्वी घरोघरच्या माणसांचं रक्त तपासायला शाळेत शिबिर लागलं होतं, ते नेमकं गोकुळाष्टमीला. निनाद जाऊन आला. मृण्मयी निघाली होती. "आज नैवेद्याला घरात बाई हवी, तू पुढच्या वेळी जा," असं शुभदाताईच म्हणाल्या होत्या. पुढची वेळ आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेश्मानं घरी येऊन बोटाला सुई टोचली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मृण्मयीला तो विषाणू बहुधा जन्मतःच आईकडून मिळाला असणार, असं डॉक्टर म्हणाले. तिची आई ती लहान असतानाच काविळीनं गेली होती. या विषाणूचं असंच असतं. वण नसलेल्या, धडधाकट यकृतातही तो कधीकधी गाठ उगवतो.

डॉक्टर मयेकरांनी तिलाही तपासून पाहिलं. घुमट फुप्फुसाआड. काही दिसलं नाही.

"पण तुमच्या यंत्राला दिसतेय ना," शुभदाताई म्हणाल्या.

"यंत्राला तुमच्या नावावर दिसतेय, काकू. यांच्या नावावर फक्त रक्ताचा अहवाल आहे. पुढची तपासणी रत्नागिरीला, शिरेतून बारीक बुडबुडे सोडून करायची; नवा रुग्ण म्हणून यांची ती अकरा आठवड्यांनी लागेल. तुमची येत्या पंधरवड्यात आहे."

"मग माझी तिला द्या."

"तसं देता येत नाही."

"नोंद चुकलीय, ती दुरुस्त करा."

"नोंद बंद असते. कोणी फेरफार करू नये म्हणून." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो हो. पण वरची समिती म्हणेल, घरचे असं सांगतातच. म्हातारी माणसं तपासणी टाळायला काहीही सांगतात."

"मी टाळतेय असं तुम्हाला वाटतं?"

"मला नाही वाटत. अर्जात मात्र त्याला एकच शब्द आहे. 'रुग्णाचा नकार.'"

खाजगीत जावं म्हणून निनादनं दोन दिवस फोन केले. पण हल्ली चिठ्ठीशिवाय कोणी यंत्राला हात लावत नव्हतं, आणि चिठ्ठी त्याच रांगेतून निघत होती. डबीवर अकराचे बारा झाले. अकरा आठवड्यांनी किती होतील, हा हिशेब घरात तिघांनीही आपापला मनात केला.

त्या संध्याकाळी शुभदाताईंनी रेश्माला बोलावून घेतलं.

"तुझ्या यंत्राला माणसाचं ऐकू येत नाही. वेळ मात्र कळते, हो ना?"

"म्हणजे?"

"उद्यापासून सात दिवस पहाटे चकती माझ्याच अंगावर. पूजेतसुद्धा. आणि दुपारी दोन ते साडेतीन हिच्या अंगावर, शाळेतून रजा काढून. स्थिती ब माझी असेल तर पहाटे येईल. हिची असेल तर दुपारी. तू रोज दोन्ही वेळा इथे येऊन बघायचं आणि लिहून ठेवायचं."

मृण्मयी म्हणाली, "आई, पूजेत?"

"पूजेत."

"दुसरं काहीतरी करू. पूजेच्या वेळी डबीला बोलू दे हवं तर."

"डबी बोलली तर गैरहजेरी लागते. गैरहजेरीच्या वेळेला चित्र नसतं. मग माझं तिथे काय आहे आणि काय नाही, हे कोणाला दाखवणार?"

पहिल्या दिवशी त्या पावणेपाचला न्हाल्या. सोवळं नेसल्या. रेशमाखाली, बरगडीवर, ती चिकट गार पट्टी जाणवत होती. बाळकृष्णासमोर बसल्या आणि हात उचलेना. पुष्कळ वेळ नुसत्याच बसून राहिल्या. "सात दिवस सांभाळून घे," एवढंच मनात म्हणाल्या, आणि पहिलं तुळशीपत्र वाहिलं. त्या दिवशी मोजणी दोनदा चुकली. दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. माजघरात रेश्मा वही घेऊन बसली होती, जांभया आवरत. चहा घेते का म्हणून मृण्मयीनं खुणेनं विचारलं, तिनं खुणेनंच नको म्हटलं. घरात सगळ्यांनीच मौन धरल्यासारखं झालं होतं.

स्थिती ब पहाटे आली नाही.

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी आली. बारा मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी डबी आपण होऊन बोलली: "आपली पहाटेची विश्रांती सुधारली आहे. अभिनंदन." निनादनं ती उचलून गोधडीखाली घातली.

आठव्या दिवशी रेश्माची वही आणि यंत्राचा कागद डॉक्टर मयेकरांनी शेजारी शेजारी ठेवले. मग आणखी एक फॉर्म पुढे केला. "हे समितीला पाठवतो. आता त्यांना नाही म्हणता येणार नाही. पण काकू, यावर तुमची सही लागेल. अकरा महिने चकती दुसऱ्या व्यक्तीला लावली, अशी कबुली. सही केलीत की यांचं नाव तुमच्या तारखेला लागेल. आणि तुमचं योजनेतून जाईल."

"किती दिवसांसाठी?"

"नियमभंग म्हटलं की... पुन्हा अर्ज करता येतो. वर्षानंतर."

"आई, नको," मृण्मयी म्हणाली. "वण तुमच्या यकृतावर आहेत. तुम्हालाच जास्त—"

"पेन चालत नाहीये हे," शुभदाताई डॉक्टरांना म्हणाल्या. "दुसरं द्या."

रत्नागिरीची तपासणी गुरुवारी झाली. मृण्मयीच्या शिरेतून बुडबुड्यांचं पाणी सोडलं. रक्ताच्या पेशीहून लहान बुडबुडे, आवाजाच्या लाटेत लखलखणारे. आवाज कुठून टाकायचा ते आता नकाशावरून ठाऊक होतं. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, कर्करोगाची गाठ मात्र धमनीतून ओढून घेते, म्हणून ती सगळ्यांच्या आधी उजळते आणि सगळ्यांच्या आधी काळी पडते. शुभदाताईंना आत उभं राहू दिलं होतं. त्यांनी पाहिलं. पडद्यावरच्या काळोखात, अगदी वर, एक ठिपका उजळला. सगळं यकृत उजळायच्या आधी. मग बाकीचं यकृत उजळत राहिलं आणि तो ठिपका हळूहळू विझून काळा झाला.

"हीच," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "बारा. लहान आहे. वेळेत आलात."

वेळेत, हा शब्द शुभदाताईंना परतीच्या गाडीत राहून राहून आठवत होता. तीन आठवडे फुकट गेले होते. त्यातला एक दिवस तर त्यांनी स्वतः हवेत हात धरून, चुकीच्या कॉटवर बसून घालवला होता. आणि गोकुळाष्टमीपासून मोजायचं तर दीड वर्ष.

गाठ जाळायची सुई सोमवारची ठरली. शुभदाताईंचं नाव कमी झाल्याचं पत्र शनिवारीच आलं. सरकारी कामात एवढी तत्परता त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. रेश्मा येऊन डबी आणि चकती घेऊन गेली. "काकू, दर तीन महिन्यांनी रुग्णालयात या. जुन्या मशीननं बघतील मयेकर डॉक्टर. मी बोललेय त्यांच्याशी."

"जेवढं दिसेल तेवढं."

"हो. जेवढं दिसेल तेवढं."

सोमवारी पहाटे शुभदाताई नेहमीप्रमाणे न्हाल्या, सोवळं नेसल्या, बाळकृष्णासमोर बसल्या. बरगडीवर काही नव्हतं. फळीवर डबी नव्हती. साठेक पत्रं वाहून झाली असतील, तेव्हा न्हाणीघराशी चाहूल लागली. मृण्मयी पाटापाशी उभी होती. सवयीनं आली होती, चकती उचलायला. पाट रिकामा बघून तशीच उभी राहिली. सुई होईपर्यंत पोटात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नव्हता, त्यामुळे डबे नव्हते, चहा नव्हता, करायला काहीच नव्हतं.

"आज मीसुद्धा निर्जळी, आई," ती तिथूनच हळू म्हणाली. हसण्याचा प्रयत्न करत होती.

शुभदाताईंनी हातातलं तुळशीपत्र खाली ठेवलं. उठल्या, माजघर ओलांडून तिच्यापाशी गेल्या. "आई, मी पारोशी आहे," म्हणत मृण्मयी एक पाऊल मागे सरली. "तुमचं सोवळं."

त्यांनी तिला जवळ ओढलं, आणि उजवा हात तिच्या बरगड्यांवर, चकती असायची तिथे, सपाट ठेवला. आत श्वास खालीवर होत होता. हाताला बाकी काही कळत नव्हतं.

"घे," त्या म्हणाल्या. "लांब श्वास घे. सोड."

बाहेर निनादनं गाडी सुरू करून पाहिली आणि बंद केली. निघायला अजून वेळ होता. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला, सोवळं उतरवून ठेवलं आणि दुसऱ्यांदा अंघोळीला गेल्या. मग दुसरं सोवळं नेसून पत्रं पहिल्यापासून मोजायला घेतली. त्या दिवशी एकशे आठ एकदाही चुकली नाहीत.